गोंदण आणि ऊन



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संतवाङ्मय, लोकशाही, अर्थकारण अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत 'गोंदण आणि ऊन' हा पाहुणा कुठून येऊन बसला, असे कोणी विचारले तर त्यात गैर काही नाही. परंतु दोन कारणांनी हा विषय मला या सभेला योग्य वाटतो. पहिले कारण ऋतूचे. कवींचा वसंत कसाही असो, आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाखाचे ऊन. सभेला येताना आपण सर्वांनी ते डोक्यावर घेतलेलेच आहे. दुसरे कारण घरातले आहे. आजीच्या हातावर जे गोंदण होते ते आईने गावंढळ म्हणून नाकारले आणि नातवाने ते टॅटू या नावाने चांगले पैसे मोजून दंडावर काढून घेतले. मग एक-दोन उन्हाळे जातात आणि तक्रारी सुरू होतात. कोणाचा लाल रंग विटतो, कोणाची नक्षी काळवंडते, कोणाच्या पिवळ्या फुलाला उन्हात गेले की खाज सुटते.

तेव्हा प्रश्न असा की, गोंदलेली कातडी उन्हापासून जपावी कशी? त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी आपल्याला आधी टोकावड्याला नेणार आहे.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सरळगाव मागे टाकल्यावर टोकावडे लागते. पुढे वैशाखरे, डोक्यावर नाणेघाट आणि पाठीशी सह्याद्रीची सरळ उभी भिंत. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी कल्याणचा माल जुन्नरकडे चढत असे तो याच वाटेने. या मुलखात आणि शेजारच्या शहापूर तालुक्यात ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी अशी कष्टाची माणसे राहतात. पावसाळ्यात भाताची आणि डोंगरउतारावर नागली-वरीची शेती. उन्हाळ्यात राब भाजायचा, मोळ्या आणायच्या, नाही तर कुटुंबासह वीटभट्टीवर मजुरीला जायचे. यातले एकही काम सावलीत बसून करण्याजोगे नाही. आणि याच माणसांत, विशेषतः बायकांत, गोंदणाची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती. म्हणजे आपल्या प्रश्नाचा प्रयोग या डोंगराखाली आपोआपच होऊन गेलेला आहे. कोवळ्या वयात गोंदलेली कातडी, तीवर साठ-सत्तर उन्हाळे, आणि संरक्षण म्हणाल तर फार तर पदराचे.

ही चाल कशी होती ते थोडक्यात सांगतो. गोंदणारी बाई गावोगाव हिंडे. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी तेलात किंवा एखाद्या पाल्याच्या रसात खललेली, एवढेच तिचे भांडवल. मुलीचा हात मांडीवर घ्यायचा, काजळीत बुडवलेल्या सुयांनी टोचत जायचे, मुलगी रडू लागली की तिला बोलण्यात गुंतवायचे आणि शेवटी वर हळद लावायची. कपाळावर ठिपके, हनुवटीवर एक ठिपका, मनगटापासून कोपरापर्यंत तुळशीवृंदावन, पाळणा, लक्ष्मीची पावले, विंचू. कोणी भावाचे नाव घाली, कोणी नवऱ्याचे. यामागची समजूत महाराष्ट्रात सर्वत्र सारखीच आढळते. सोनेनाणे इथेच राहते, गोंदण तेवढे मेल्यावर बरोबर येते. ज्या बाईला आयुष्यात कधी सोन्याचा मणी मिळाला नाही, तिचा हा दागिना. तो चोर नेऊ शकत नाही आणि सावकार गहाण ठेवून घेऊ शकत नाही.

आता अशा एखाद्या सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंचा हात नीट निरखून पाहिला तर तीन गोष्टी ध्यानात येतात. एक, गोंदण अजून आहे. दोन, काळ्या काजळीने काढलेले असूनही ते काळे दिसत नाही, हिरवट-निळसर दिसते. तीन, त्याच्या रेषा फुगल्या आहेत, ठिपके एकमेकांत मिसळले आहेत. आणि हाताच्या बाहेरच्या, उन्हाकडच्या अंगाची कातडी सुरकुतलेली असताना आतल्या अंगाची मात्र अजून मऊ आहे. या तीन गोष्टींचा उलगडा झाला की गोंदण उन्हापासून का आणि कसे जपावे हे निराळे सांगावे लागत नाही.

गोंदण टिकते का? आपली त्वचा एकसंध नसते. वरचा थर तो बाह्यत्वचा. शरीराच्या बहुतेक भागांवर तो कागदाच्या पानाइतका, म्हणजे सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो. हा थर खालून नवा होत असतो आणि वरून झडत असतो. साधारण महिना-दीड महिन्यात तो सगळा बदलतो. मेंदी काही दिवसांत जाते ती यामुळेच, कारण ती या झडणाऱ्या थरातच मुरलेली असते. त्याखाली आंतरत्वचा असते. ती एक-दोन मिलिमीटर जाड, चिवट आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली. गोंदणाची सुई वरचा थर भेदून या खालच्या थरात रंग सोडते. शरीराला हे कण परके वाटतात, म्हणून तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळण्यासाठी धावतात. त्या गिळतात खऱ्या, पण काजळी काही त्यांना पचत नाही. रंग पोटात घेऊन त्या तिथेच बसून राहतात. काही थोडे कण लसिकाग्रंथींपर्यंत वाहून जातात, बाकीचे जागेवर राहतात. २०१८ साली फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, या पेशी मेल्या म्हणजे रंग मोकळा होतो आणि शेजारी आलेल्या नव्या पेशी तो पुन्हा गिळतात. बाप गेला की त्याचे कर्ज मुलाच्या खाती चढावे, तसाच हा प्रकार. आपण ज्याला कायमची खूण म्हणतो ती अशी एका पेशीकडून दुसरीकडे सोपवली जात असते.

आणि काजळी स्वतः उन्हाला दाद देत नाही. ती शुद्ध कोळसाच असते. आपल्या जुन्या पोथ्या काजळीच्या शाईने लिहिलेल्या. कागद पिवळा पडला, किडीने खाल्ला, पण अक्षर काळेच राहिले. १९९१ साली आल्प्स पर्वतातील बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे शव सापडले. त्याच्या अंगावर ६१ गोंदणखुणा मोजल्या गेल्या आणि त्याही काजळीच्याच निघाल्या. तेव्हा आजीबाईंच्या हातावरचे तुळशीवृंदावन साठ उन्हाळ्यांनंतरही शाबूत आहे यात आश्चर्य नाही. गोंदणारीणीने रंगाची निवड उत्तम केली होती.

मग ते हिरवे का दिसते? काजळी हिरवी होत नाही. तिच्यावरची कातडी तिला हिरवट दाखवते. उजेड त्वचेत शिरला की त्यातला तांबडा भाग खोलवर जातो आणि खालच्या काजळीत नाहीसा होतो. निळा भाग मात्र वरच्यावर विखरून आपल्या डोळ्याकडे परत येतो. हातावरच्या शिरा निळसर दिसतात त्यातही हाच न्याय आहे. याचा अर्थ असा की, गोंदण आपण नेहमी एका जिवंत पडद्याआडून पाहत असतो. पडदा स्वच्छ असेल तर चित्र स्वच्छ दिसते, पडदा मळला तर चित्र मळकट. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण ऊन पहिला घाव घालते तो या पडद्यावर.

उन्हात आपल्याला दिसणारा उजेड असतो, जाणवणारी उष्णता असते आणि न दिसणारे, न जाणवणारे अतिनील किरणही असतात. जुन्या पुस्तकांतून यांनाच जंबुपार किरण म्हणत. त्यांतले जे दोन प्रकार जमिनीपर्यंत पोहोचतात त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणू. 'ब' किरण बहुतेक वरच्या थरातच अडतात; कातडी लाल होणे, पोळणे, सोलणे हे मुख्यतः त्यांचे काम. 'अ' किरण त्याहून खोल, थेट आंतरत्वचेपर्यंत, म्हणजे गोंदण जिथे बसले आहे तिथपर्यंत जातात. त्वचेला ताठ ठेवणारे तंतू ते हळूहळू सैल करतात. आजीबाईंच्या हाताच्या दोन अंगांतला फरक, तो यामुळे. वय दोन्ही अंगांचे सारखेच, पण ऊन एकाच अंगाने खाल्ले. कापडाची वीण सैल झाली की त्यावरच्या कशिद्याचे टाके पसरतात, तशा त्या रेषा फुगल्या. खिडकीच्या काचेतून 'ब' किरण फारसे येत नाहीत, पण 'अ' किरण बरेचसे येतात. तेव्हा काच लावून मोटार चालवणाऱ्याने आपला खिडकीकडचा दंड सुरक्षित आहे असे मानू नये.

या माऱ्यापुढे शरीर अगदीच हतबल नसते. बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिन नावाचे काळे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. ऊन वाढले की त्या अधिक द्रव्य करतात आणि ते वरच्या पेशींना वाटतात. त्या पेशी हे द्रव्य आपल्या केंद्रकावर असे मांडून ठेवतात, की जणू प्रत्येकीने डोक्यावर छत्रीच धरली आहे. उन्हाने रापणे म्हणतात ते हेच. आपण गहूवर्णी, सावळी, काळी माणसे या बाबतीत जन्मतः भाग्यवान आहोत. गोऱ्या युरोपियनाच्या मानाने आपली छत्री दाट असते आणि उन्हाने होणारे त्वचेचे कर्करोग आपल्यात पुष्कळ कमी आढळतात. परंतु छत्री आहे म्हणून पाऊस लागतच नाही असे नव्हे. वांग, अकाली सुरकुत्या, उन्हाने उठणारे पुरळ, हे सारे आपल्यातही आहेच. आणि गोंदणापुरते बोलायचे तर हा रापलेला थर चित्राच्या वर असतो. म्हणून उन्हाळ्यात गोंदण मळकट दिसते; पावसाळ्यात रापलेपण उतरले की ते पुन्हा उजळल्यासारखे भासते. काजळीचे गोंदण असेल तर एवढ्यावर भागते.

रंगीत गोंदणाची गोष्ट निराळी. दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेले लाल लुगडे एका हंगामात कसे फिके पडते ते आपण पाहतो. टॅटूत वापरले जाणारे तांबडे, पिवळे, नारिंगी रंग पुष्कळदा त्याच कुळातले, कारखान्यात तयार झालेले रासायनिक रंग असतात. अतिनील किरणांनी त्यांतले काही फुटतात, म्हणजे मूळ पदार्थ मोडून दुसरेच पदार्थ तयार होतात. आणि त्यांतले काही आरोग्याला घातक असतात. कॅडमियमपासून केलेला पिवळा रंग अंगात असेल तर उन्हात गेल्यावर तेवढीच जागा सुजते, खाजते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. युरोपीय संघाने २०२२ च्या जानेवारीपासून गोंदणाच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले ते उगाच नव्हे. तेव्हा ज्याला रंगीत फूल हवेच असेल त्याने निदान बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. आणि ज्याला उन्हात राबायचे आहे त्याने टोकावड्याच्या आजीबाईंप्रमाणे काळ्यावर संतुष्ट राहावे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'उन्हापासून त्वचा जपा' असे म्हटले की आपल्या समाजात त्याचा अर्थ लगेच 'गोरे राहा' असा होतो. लग्नाच्या जाहिरातीत वधूचा रंग छापणारा आपला समाज! पाश्चात्त्यांचे वेड याच्या उलट. त्यांच्याकडे पूर्वी गोरेपण हे बैठ्या श्रीमंतीचे लक्षण होते. पुढे सूर्यप्रकाशाचे औषधी गुण कळले. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या काळात समुद्रकिनारी पडून राहून रापलेली कातडी हीच फुरसतीची आणि प्रतिष्ठेची खूण बनली. कृत्रिम किरणांखाली झोपून रापण्याचे पलंगही निघाले. त्याची किंमत पुढे चुकवावी लागली. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाने एवढा जोर धरला की १९८१ साली सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला अशी मोहीम काढावी लागली. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते रापण्याचे पलंग निश्चित कर्ककारक ठरवले. एकाला काळे व्हायचे होते, दुसऱ्याला गोरे. कातडीला काय हवे हे कोणीच विचारले नाही. माझे सांगणे रंगाविषयी नाहीच. सावळी कातडी सावळीच राहो, पण ती निरोगी राहो.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे वेळ ओळखणे. त्यासाठी घड्याळही नको. आपली सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ऊन सौम्य. ती आपल्याहून आखूड झाली की अतिनील किरणांचा जोर आहे असे समजावे. टोकावडे सुमारे सव्वाएकोणीस उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य तिथे अगदी माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली बुडाशीच गडप होते. जुलैत ढगांचे छत असते, मे महिन्यात तेही नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकात ११ आणि त्यापुढचा आकडा अतितीव्र समजतात. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी तो आकडा सहज गाठला जातो. सकाळी दहा ते दुपारी चार हा वेळ गोंदणाने उघड्यावर काढू नये. ढगांवर मात्र फार विसंबू नका. विरळ ढगांतून उष्णता कमी झाली तरी हे किरण पुष्कळसे येतात.

दुसरा उपाय कापड. सर्व मलमांहून ते श्रेष्ठ, कारण ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही. मात्र कापडाकापडांत भेद आहे. पातळ, पांढरे, घामाने भिजलेले सुती कापड डोळ्यांना झाकल्यासारखे वाटते, पण त्यातून किरण बरेच आत जातात. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, सैल शिवलेले कापड अधिक चांगले. पारख सोपी आहे. कापड उजेडासमोर धरावे. पलीकडचा उजेड जितका अधिक दिसेल तितके ते कमी कामाचे. आपल्या शहरांतल्या मुली दुचाकीवर बसताना सनकोट आणि हातमोजे घालतात, त्यांची आपण थट्टा करतो. पण शास्त्र त्यांच्या बाजूला आहे. आणि गावाकडे आज पाहाल तर शेतात वाकून काम करणाऱ्या बाया लुगड्यावर घरधन्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात. कोणत्याही व्याख्यानावाचून त्यांनी काढलेली ही युक्ती आहे. अशा सदऱ्याखाली मनगटापर्यंतचे गोंदण जितके सुरक्षित, तितके ते कोणत्याही डबीतल्या मलमाखाली नाही.

तिसरा उपाय मलमाचा. ज्याला सनस्क्रीन म्हणतात ते घ्यायचे तर 'अ' आणि 'ब' दोन्ही किरण अडवणारे घ्यावे आणि त्याचा एसपीएफ नावाचा आकडा ३० किंवा अधिक असावा. या आकड्याचे गणित लोकांना फसवते. १५ आकड्याचे मलम 'ब' किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवते, ३० चे सुमारे ९७ आणि ५० चे सुमारे ९८. म्हणजे आकडा दुप्पट झाला म्हणून संरक्षण दुप्पट होत नाही. शिवाय हे माप प्रयोगशाळेतल्या जाड थराचे असते; आपण लावतो ते गंध लावल्यासारखे. सढळ हाताने, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. एवढे होणार नसेल तर सदराच बरा.

चौथी गोष्ट ताज्या गोंदणाची, आणि हिच्यात चूक झाली तर ती सर्वांत महाग पडते. नुकतेच केलेले गोंदण म्हणजे उघडी जखम. वरचा थर भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर त्यावर सनस्क्रीनही लावू नये आणि ऊनही लागू देऊ नये. स्वच्छ, सैल कापडाने ते झाकावे. खपली उचकटू नये. नदीत, तळ्यात पोहू नये. उन्हाने पोळलेल्या कातडीवर गोंदवून घेऊ नये आणि तिळावर, मशावर तर कधीच नाही, कारण त्यांत पुढे बिघाड झाला तर गोंदणाखाली तो दिसत नाही. यासाठी ऋतू निवडावा. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते, तेव्हा थंडी असते. अशा दिवसांत जखम घामावाचून भरते. मात्र जत्रेत असो की झगझगीत दुकानात, सुई प्रत्येकाला नवी, समोर पाकीट फोडून काढलेली असलीच पाहिजे आणि शाईही प्रत्येकासाठी वेगळी ओतलेली. एकाच सुईने दहा जणांना गोंदले तर चित्राबरोबर कावीळ आणि त्याहून भयंकर रोगही पसरतात. सूज वाढली, पू झाला, ताप आला तर हळदीवर न थांबता सरकारी दवाखाना गाठावा.

श्रोतेहो, इथवर मी जे उपाय सांगितले ते ऐकताना आपल्या मनात एक शंका आली असेल. दहा ते चार सावलीत राहा, असे मी वीटभट्टीवरच्या कातकरणीला कोणत्या तोंडाने सांगू? तिची मजुरी त्याच वेळात आहे. मलमाची एक डबी म्हणजे तिच्या घरातले कित्येक दिवसांचे तेल-मीठ. तिला उपदेश उपयोगाचा नाही, तिला सावली हवी. कामाची वेळ पहाटे सुरू करून दुपारी मधली सुट्टी मोठी ठेवणे, कामाच्या जागी गवताचा का होईना मांडव घालणे, पिण्याचे पाणी ठेवणे, या गोष्टी मालकाच्या आणि सरकारच्या हातात आहेत. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि तो देशाला कित्ता ठरला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विसाव्याची वेळ आणि प्रथमोपचाराची पेटी यांची तरतूद केली गेली. कागदावर सावली मागणे अवघड नाही. ती जमिनीवर पडली की नाही हे पाहणे नागरिकांचे काम आहे. आपल्यापैकी कितीतरी जण घरे बांधतात, त्या घरांच्या विटा याच उन्हात थापल्या जातात. भट्टीवाल्याला भाव विचारताना मांडव आहे का, हेही विचारावे. एवढे तर आपल्या हातात आहेच.

आणखी एक वेदना सांगून आवरतो. शिकायला, नोकरीला शहरात आलेल्या काही मुलींना आपल्या कपाळावरच्या गोंदणाची लाज वाटू लागते. खरे तर ती लाज आपल्या नजरेने त्यांना शिकवलेली असते. मग कोणी चुना लावते, कोणी बिब्बा, कोणी जत्रेतला जळजळीत पाण्याचा उपाय करते. गोंदण आंतरत्वचेत असल्यामुळे ते अशाने जात नाही; वरची कातडी तेवढी भाजते आणि खुणेच्या जागी वण राहतो. काढायचेच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन लेसर किरणांनी काढावे. त्याला अनेक खेपा लागतात आणि उपचाराच्या आधी व नंतर कित्येक आठवडे ती जागा उन्हापासून काटेकोरपणे झाकावी लागते. नाही तर आपल्या सावळ्या त्वचेवर काळे किंवा पांढरे डाग उठतात. म्हणजे ठेवायचे असो वा काढायचे असो, उन्हाशी गाठ आहेच. परंतु माझी विनंती अशी की, त्या मुलीला काढण्याची वाट दाखवण्याआधी आपण आपली नजर सुधारावी. आपल्या घरातल्या मुलाच्या दंडावरचा टॅटू जर कला आहे, तर तिच्या कपाळावरचे तीन ठिपके अडाणीपणा कसा?

गोंदण बरोबर येते, असे त्या आजीबाई म्हणतात. ते कुठवर बरोबर येते हे मी सांगू शकत नाही. पण या जन्मात तरी ते कातडीच्याच आधाराने येते, आणि ती कातडी कोणाची कचेरीत बसून तर कोणाची रानात राबून म्हातारी होते. चित्र सुंदर राहावे एवढ्यासाठी कोणी ऊन टाळले तरी माझी हरकत नाही. त्या निमित्ताने कातडी जपली जाईल. ज्यांना ऊन टाळता येत नाही त्यांच्या डोक्यावर मात्र मांडव घालण्याचे काम आपणा सर्वांचे आहे. अजून अर्धा उन्हाळा शिल्लक आहे, तेव्हा आजच सुरुवात केली तरी उशीर झाला असे नाही.